बिया ठेवून जाजो

डांगरमावशीला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. भांडणात यायचं, तिथे ती कोणाच्या बापाला ऐकायची नाही. नवऱ्याला, म्हसोबाला, वाडीत शिरणाऱ्या म्हशींना आणि म्हशींच्या मालकांना ती अशी झाडायची की नदीपलीकडच्या तांड्यातल्या बायका कामं सोडून काठावर येऊन उभ्या राहायच्या. पण कोणी वाडीत येऊन खाली बसलं आणि नुसतं तोंड वर करून पाहिलं, की संपलं. हात आपोआप वेलाकडे जायचा. वाडीत आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडाने परत पाठवणं तिला जमलंच नाही, आणि त्यातच सगळं गेलं. ते कसं गेलं हे मला सांगायचं आहे. मी हे माझ्या घराच्या ओसरीत बसून सांगतोय, आणि त्या घराचाच यात मोठा हात आहे.

राळेगावहून येणारी एसटी आम्हाला फाट्यावर सोडते. तिथून कपाशीच्या वावरांतून खाली उतरलं की नदीची दरी लागते. या काठावर आमचं गाव, पलीकडे टेकडीच्या पोटाशी तांडा. वरच्या अंगाला घोडेडोह, खालच्या अंगाला म्हसोबाचा शेंदऱ्या दगड, आणि मधल्या वळणावर अर्जुनाचं मोठं झाड. कागदोपत्री नदीला नाव आहे, पण आम्ही नुसतं नदीच म्हणतो. ती दिवाळीपर्यंत वाहते, संक्रांतीला घोट्याएवढी होते आणि मग दिसेनाशी होते. दिसेनाशी म्हणजे गेली नाही. रेतीखाली जाऊन बसली. हातभर उकरलं की झिरा लागायचा. त्याच पाण्यावर मावशीची डांगरवाडी चालायची. आमच्याकडे डांगर म्हणजे टरबूज. एकदा पुण्याकडचा एक पाहुणा डांगर म्हणजे भोपळा समजून ‘नको नको’ करत राहिला आणि आम्ही त्याच्या वाटणीचंही खाल्लं.

मावशी भोयांच्या घरची. माझ्या आईशी तिचं कसलंच रक्ताचं नातं नव्हतं, पण दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आल्या आणि नदीवर धुणं धुताधुता बहिणी झाल्या. म्हणून ती माझी मावशी, आणि मग माझ्यामुळे सगळ्या गावाची. नवरा लवकर गेला. त्याच्यानंतर वाडी तिने एकटीने धरली. पाणी ओसरलं की रेतीत लांबलांब नाल्या खणायच्या, शेणखत भरायचं, बी टाकायचं आणि उन्हाळाभर घागरीने एकेका वेलाच्या बुडाशी पाणी घालत वाकून चालायचं. वाडीच्या तोंडाशी पळसाच्या डहाळ्यांची खोप, खोपीत एक घोंगडी, एक विळी आणि एक फुटकं सूप.

ते सूप महत्त्वाचं. मावशीचा कायदा त्या सुपात होता. नदी ओलांडणाऱ्या कोणीही वाडीत बसावं, पोटभर खावं. फक्त एक फोडही बरोबर न्यायची नाही आणि बिया सुपात टाकून जायच्या. विकायची डांगरं ती वेगळी काढायची, ती बैलगाडीतून राळेगावच्या बाजाराला जायची. पण वाडीत बसून खाणाऱ्याला मोल नव्हतं. तांड्यातून बाजाराला निघालेल्या बायका, शाळा चुकवलेली पोरं, वाट चुकलेला विमावाला, सगळ्यांना एकच ताकीद: “खा पोटभर. बिया ठेवून जाजो.” कोणी घाईघाईत बी गिळलं तर ती त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणायची की आता पावसाळ्यात तुझ्या बेंबीतून वेल निघेल, त्यावर माझा हक्क राहील. तांड्यातला रामधन राठोड, माझा लहानपणापासूनचा दोस्त, या भीतीने एकदा दिवसभर रडला होता. तो तिला ‘याडी’ म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

डांगराची पारख मात्र तिला बेताचीच होती, हे तिच्या माघारी सांगायला हरकत नाही. कानाशी धरून टिचक्या मारायची, डोळे मिटायची, आणि लालभडक निघणार म्हणून सांगायची. कापलं की पांढरंफटक. मग आमच्यातल्या एकाकडे रोखून बघत म्हणायची, “याची नजर लागली, बाप्पा. पोट्टा मघापासून टकमक पाहून राह्यला.” ज्याची नजर लागली त्यानेच ते पांढरं डांगर संपवायचं. माझी नजर फार लागायची. आता आठवलं की वाटतं, खरंच लागत असावी.

पुढे आसपासच्या नद्यांवर रेतीचे ट्रॅक्टर लागले. खालच्या दोन-तीन गावांच्या नद्या बघताबघता खडकाला टेकल्या. आमची मात्र राहिली होती, आणि ती मावशीमुळे राहिली होती. गाडी नदीत उतरेल असा उतार एकच, आमच्या वावरातून जाणारा, आणि उताराच्या पायथ्याशी मावशीची वाडी. आमच्याकडे पेरलेल्यातून कोणी गाडी घालत नाही. दारू प्यालेला माणूसही बैल वळवून घेतो. मावशीने ते बरोबर हेरलं. पाणी ओसरायचा अवकाश, ती उताराच्या तोंडाशी चार वेल आधी लावून टाकायची, मग बाकीची वाडी सवडीने. वर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. ट्रॅक्टरवाले यायचे, कुंपणापाशी इंजिन बंद करून बोलणी करायचे. मावशी त्यांना बसवून डांगर खाऊ घालायची, बिया घ्यायची आणि रिकाम्या ट्रॉलीने परत पाठवायची. त्यांनाही काही बोलता यायचं नाही. रेती सरकारची असेल, पण वेल तिचे होते. गावात लोक निर्धास्त असायचे. डांगरमावशी आहे तोवर नदी आहे, असं सगळेच धरून चालले होते. एकट्या बाईच्या भरवशावर अख्खी नदी टाकून आम्ही खुशाल झोपत होतो.

मग माझं लग्न ठरलं.

म्हणजे ठरत ठरत अडलं. मुलीचे वडील घर बघायला आले. आमचं घर कुडामातीचं, वर पत्रे. ते बाजेवर बसले, चहा प्यायले, पत्र्यांकडे बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण पोरगी स्लॅबच्या घरात द्यायची असं आमच्या मनात आहे. त्यांचं तरी काय चुकलं? प्रत्येक बापाच्या मनात तेच असतं. बाबांनी विटा आणल्या, सिमेंट आणलं. रेती कुठून आणायची? बाहेरची रेती ‘आज येते, उद्या येते’ म्हणत येईना, आणि मुहूर्त तर जवळ आलेला. दोन दिवस बाबा फाट्यावर रेतीच्या गाडीची वाट बघत बसले. मी तर जेवण सोडून हिंडत होतो. मला ती मुलगी आवडली होती. हे सांगायला आता लाज कसली!

तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि नदीकडे चालू लागली. मागून मी, माझ्यामागे भाड्याचा ट्रॅक्टर. आई वाडीत जाऊन बसली. काही मागितलंच नाही तिने. नुसतं मावशीकडे तोंड वर करून पाहिलं. एवढ्या वर्षांची मैत्रीण. तिला माहीत होतं की एवढंच पुरतं. मावशी बराच वेळ सुपातल्या बिया इकडून तिकडे करत राहिली. मग उठली, बेचक्याची काठी घेतली आणि काट्यांचं कुंपण स्वतः बाजूला ओढलं. उतारावरचे ते चार वेल तिने हाताने उपटले. त्यांना लिंबाएवढी फळं धरली होती. मी उतारावर उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगतो, मला आनंदाशिवाय दुसरं काही वाटलं नाही.

“पोट्ट्याचं लगन हाय,” ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, जणू त्यानेच कारण विचारलं होतं. “ने बावा. अन् बिया ठेवून जाजो.” आम्ही सगळे हसलो. तीही हसली. वाडीतून कोणी काही घरी घेऊन गेलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

घर उभं राहिलं, स्लॅब पडला, लग्न झालं. मांडवात मावशीने नवं लुगडं नेसून वरणाच्या बादल्या वाढल्या. आणि पुढच्याच महिन्यात गावातला एक जण तिच्या वाडीत जाऊन बसला. त्याच्या घराचं काम निघालं होतं. तो भांडला नाही, त्याने धमकावलं नाही. एवढंच म्हणाला, “नवरदेवाले देल्ली, आमाले काहून नाई?” जन्मभर तिने वाडीत आलेल्या दोघांत दुजाभाव केला नव्हता. एकाला फोड दिली आणि दुसऱ्याला नाही, असं तिच्या हातून कधी घडलं नव्हतं. तिने रेतीलाही डांगराचाच कायदा लावला. ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. दुसऱ्या कोणी सरळ सांगितलं असतं की ते माझ्या बहिणीचं पोर आहे, तू कोण? मावशीला एवढं साधं वाक्य सुचलं नाही. तिने पुन्हा कुंपण ओढलं.

त्यानंतर देवळाचा सभामंडप, मग शाळेची भिंत, मग कोणाचा गोठा. प्रत्येकाचं कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. खोटी कारणं तिने हाणून पाडली असती. उताराचा चांगला रुंद रस्ता झाला, आणि एकदा रस्ता झाल्यावर विचारायला कोण येतं! मग आले ते विकणारे. त्यांनी तिच्या वाडीत बसून डांगरही खाल्लं नाही. दोन-चार उन्हाळ्यांत नदीचा खडक उघडा पडला. झिरे गेले. काठच्या विहिरी खोल गेल्या, त्यात आमचीही गेली. रेतीच्या जागी वेडी बाभूळ आणि बेशरम माजली. मावशीची वाडी आधी अर्धी झाली, मग खोपीपुरती, आणि मग नुसती खोप राहिली. तरी ती उन्हाळाभर खोपीत जाऊन बसायची. नदी ओलांडणारे तिला रामराम करून पुढे जायचे. खायला काही नाही, तर बसणार कशाला?

लग्नानंतर तिने मला कधीच नावाने हाक मारली नाही. मी ‘नवरदेव’ झालो तो झालोच. केस पांढरे झाले, पोरगी कॉलेजात गेली, तरी मावशीचा मी नवरदेव. दर उन्हाळ्यात एकदा ती घरी यायची. ओसरीच्या भिंतीवर तळहात ठेवायची आणि सावकाश फिरवायची. आमचं प्लास्टर नदीच्या रेतीचं, घाईत चाळलेलं. त्यात बारीक शिंपले अडकलेले आहेत, अजूनही दिसतात. त्यांच्यावरून बोट फिरवत ती विचारायची, “काय गा नवरदेव, भिंती बऱ्या हायेत नं?” मी म्हणायचो, बऱ्या आहेत. मग ती चहा प्यायची आणि जायची. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो, दोन शब्द ऐकवले असते. ती खरोखरच विचारायची, लग्न करून दिलेल्या पोरीची खुशाली विचारावी तशी.

बायकोला सगळ्या घराला पुट्टी मारून रंग द्यायचा होता. मी आतल्या खोल्या रंगवू दिल्या, ओसरीची भिंत तशीच ठेवली. ती आधी कुरकुरली, नंतर एकदा जेवता जेवता मध्येच म्हणाली, “अहो, माह्या बाबांनी तवा पत्र्याचं घर चालवून घेतलं असतं तं?” एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीने ओशाळलेली असली की फार गुपचूप संसार होतो.

आता तुम्ही म्हणाल, रेती काय तुझ्या एकट्याच्या घराला गेली? नाही गेली. मी स्वतःला हेच हजारदा सांगितलं आहे. सगळ्यांनी नेली, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त नेली. पण कुंपण माझ्यासाठी निघालं. हे एकदा मी मावशीला बोलून दाखवलं. खोपीत दोघेच होतो. मी म्हणालो, मावशी, माझ्यापायी झालं हे सगळं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची एखादी वस्तू उचलून माझी म्हणत होतो.

“तुयं काय झालं त्याच्यात?” ती म्हणाली. “विकनाऱ्यायनं चोरून नेली. पह्यली गाडी म्या हातानं भरू देल्ली. तुयं लगन वाईट नोतं, बावा. मले नाई म्हनता आलं नाई, थे वाईट.”

म्हणजे अपराधाचा माझा वाटाही तिने मला घेऊ दिला नाही. तोही स्वतःच ठेवून घेतला. देताना एवढी सढळ असणारी बाई तिथे मात्र हट्टाला पेटली.

शेवटी गुडघे गेले तेव्हा मावशीची मुलगी तिला न्यायला आली. मुलगी राजूरला दिलेली, जावई तिकडे कोळशाच्या खाणीत कामाला. निघताना मावशी आमच्याकडे आली. भिंतीवर हात फिरवला, या वेळी जरा जास्त वेळ. नखाने टोकरून एक शिंपला काढला, किती झाला म्हणावा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि पानाच्या चंचीत टाकला. मग कमरेची पुरचुंडी सोडून माझ्या बायकोच्या ओंजळीत ठेवली. डांगराच्या बिया. रेती परत आली तर लावा म्हणाली, नाही आली तर सोलून खाऊन टाका, मगज चांगला असतो. आणि मला म्हणाली, “नाई म्हनाले शीक, नवरदेव. म्या नाई शीकली.” मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. एसटीत खिडकीशी बसल्यावर ती नदीकडे नाही, आमच्या घराच्या बाजूला बघत होती.

राजूरहून ती परत आली नाही. तेरवीला मी गेलो होतो. त्या घराच्या अंगणात, तुळशीच्या पानांवरसुद्धा काळी धूळ. मुलीने सांगितलं की माय शेवटी शेवटी अंगणात बसून हाताने भुई उकरायची. पाणी लागतं का बघते म्हणायची.

मागच्या दोन पावसाळ्यांत नदीला मोठे पूर आले. दिवाळीनंतर पाणी ओसरलं तर अर्जुनाच्या वळणावर, नेमकी उताराच्या पायथ्याशी, रेती बसलेली. फार नाही, एका खळ्याएवढी असेल. मी वाकून उकरलं. ओल लागली. घरी येऊन पुरचुंडी शोधली. बायको म्हणाली, इतक्या वर्षांनी बी काय उगवणार? संक्रांतीला मी नाल्या खणल्या, शेणखत भरलं, बी टाकलं. कमरेचे टाके ढिले झाले. बरंचसं बी कुजलं, पण काही वेल वर आले. मी उताराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या.

वेलांना चौथं पान आलं आणि रामधन आला. आता तोही म्हातारपणाकडे झुकलेला. काट्यांच्या पलीकडे उभा राहून त्याने आधी वेलांचं कौतुक केलं, याडीची आठवण काढली. मग विषय काढला. त्याच्या पोराचं लग्न जमत आलं होतं. मुलीकडच्यांना स्लॅबचं घर पाहिजे. क्रशरची दगडाची चुरी विकत घेऊन बांधायचं तर त्याला झेपत नव्हतं. दोन ट्रॉल्या मिळाल्या तरी पुढची खोली उभी राहील म्हणाला. आणि मग तो वाडीत येऊन खाली बसला आणि त्याने माझ्याकडे तोंड वर करून पाहिलं.

मी वेलांकडे बघितलं, अर्जुनाकडे बघितलं, आणि म्हणालो, “नाई गा रामधन. नाई देता येत.”

तो रागावला नाही. धोतर झटकत उठला आणि विचारलं, “तुया घराले कोनी नाई म्हनलं होतं काय गा?” रेती मी सगळ्यांत आधी नेलेली, आणि पहिलं ‘नाही’ म्हणालो तेही रामधनला. मावशी असती तर काय केलं असतं, हे मला चांगलं माहीत आहे. पण तिनेच तर शिकायला सांगितलं होतं. मी बरोबर वागलो की नाही याचा हिशेब मला अजून लागत नाही.

चैत्रात डांगरं धरली. मी पळसाच्या डहाळ्यांची खोप केली, त्यात विळी ठेवली, घरातलं जुनं सूप ठेवलं. एक दिवस भर उन्हात रामधन बाजाराहून नदी ओलांडून तांड्याकडे निघालेला दिसला. डोक्यावर पिशवी, पायात चपला तापलेल्या. पोराचं लग्न मोडल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मी खोपीतून उठून हाक मारली, म्हटलं, ये गा, बस, खाऊन जा, याडीच्या बियाचं हाय.

तो थांबला. वाडीकडे बघितलं, मग वर काठावर आमच्या घराच्या स्लॅबकडे बघितलं.

“तुमाले रेती,” तो म्हणाला, “अन् आमाले डांगर?”

आणि चालू लागला. म्हसोबाच्या दगडापासून पुढे वळेपर्यंत मी त्याला बघत होतो. मग खोपीत येऊन बसलो. एक डांगर घेतलं, कानाशी धरून टिचक्या मारल्या. चांगलं वाजलं. कापलं तर पांढरंफटक. आसपास नजर लावणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ते एकट्याने सगळं संपवलं आणि एकूण एक बी सुपात टाकलं.